सोळा तारखेचा हिरवा खाना

मंगळवार, तारीख तेरा

ठमे,

आशीर्वाद. वेळेवर जेव, तब्येत सांभाळ. लिहायची रीत म्हणून लिहिलं, तू ऐकणार नाहीस. चौथी पास बाईचं अक्षर आहे, नाक न मुरडता वाच. फोनच करणार होते, पण फोन आजोबांच्या उशाशी असतो आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत.

सुट्टीत येऊन तू संगणकावर आजोबांचा जो तक्ता मांडून दिलास, तो मला आता तोंडपाठ झालाय. औषध, जेवण, चालणं. खान्यावर टिचकी मारली की 'पूर्ण, अर्धं, नाही' अशी यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं. 'पूर्ण'ला खाना हिरवा, 'नाही'ला लाल. वरची ओळ तू गोठवून ठेवलीस. खालचं कितीही सरकवा, ती जागची हलत नाही. घरात अशी आता दोन झाली.

तारखांची गंमत मला फार आवडली. दोन तारखा लिहायच्या, कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढायचा, की पुढच्या सगळ्या आपोआप. इतक्या दिवसांची खात्री त्या मशीनला कोण देतं कोण जाणे.

शेजारीण बरी आहे. पंखा दुरुस्त झाला.

आता ऐक. तुझा बाप जाताना म्हणाला होता, "आई, मी फोनवर तक्ता बघत राहणार. आठवड्यात तीन लाल दिसले तर अण्णांना त्या वृद्धांच्या संस्थेत नेऊन ठेवणार. तुझ्याच्याने होत नाही." तो गेल्यावर आजोबांनी माझं मनगट धरलं. "मला तिकडे पाठवू नकोस गं." जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, कधी कुणाकडे पेलाभर पाणी मागितलं नाही त्या माणसाने. मी म्हटलं, "हात सोडा, दूध उतू जातंय."

तीन तारखेला ते न्हाणीघरात पडले. त्या दिवशी दोन खाने लाल. लगेच तुझ्या बापाचा फोन, "दोन झाले हं, आई."

चार तारखेला मी तिन्ही खान्यांत 'पूर्ण' घातलं. ते पुढच्या एका दिवसाला द्यावं म्हणून ठिपका ओढला, तर हात थांबलाच नाही. थेट एकतीसपर्यंत हिरवंगार. परवा ते अंगणात दोन फेऱ्या चालणार आहेत, हे मला आजच ठाऊक आहे. काल तुझ्या बापाने सोळा तारखेच्या खान्यात शेरा मारला, "शाब्बास आई!" काल बारा तारीख होती. त्याखाली तूही हसरं तोंड चिकटवलंस.

तो मागे नेणारा वाकडा बाण आता फिका पडलाय, दाबला तरी काही होत नाही. एकेक खाना बदलता येतो, तेवढी मी बावळट नाही. पण खरं लिहिलं की लाल, आणि लाल झालं की तुझ्या बापाची गाडी दारात. हिरवं ठेवलं की दारात कुणीच नाही.

ते तीन तारखेपासून उठलेले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर दोन तासांनी कुशीवर वळवा. त्यांचं काय जातंय सांगायला! आज सकाळी अर्धं वळवलं आणि दोघंही अडकलो, माझा हात त्यांच्याखाली. म्हणाले, "लिफ्ट मध्येच बंद पडली, मेकॅनिकला बोलाव." हसले. मग रडले. मी खिडकीबाहेर बघत राहिले, दुसरं काय करणार.

पाठीला जखम झाली आहे. रुपयाएवढी होती, आता तळहाताएवढी आहे. तुझ्या तक्त्यात तिच्यासाठी रांग नाही, म्हणून पत्र.

बापाला सांगायचं की नाही, मला सुचत नाही. तू शिकलेली आहेस, तू ठरव. पण ते इथे येऊन ठरव. त्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. इथे एकच आहे,

आजी