चवीचा रकाना

नाना,

तुम्ही त्या कागदावर सही केलीत तेव्हा तुमचं वय त्रेचाळीस होतं. या महिन्यात मलाही त्रेचाळीस पूर्ण झाली. सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर इतक्या वर्षांसारखं पुन्हा राहून जाईल. तापीकाठच्या त्या चाचणी बोअरचं पाणी म्हणून पुण्याच्या प्रयोगशाळेत जी बाटली गेली, तिच्यात आपल्या माठातलं पाणी होतं. ते मी भरलं होतं. तुमची जीभ चुकली नव्हती.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि आपण शहाद्याला दोन खोल्यांत राहत होतो. पाहणी खात्यातली तुमची नोकरी म्हणजे थंडीत तोरणमाळच्या वाटेवरच्या दगडांचे तुकडे पिशव्यांत भरून आणणं आणि ऊन तापायला लागलं की तापीकाठच्या विहिरींचं पाणी मोजणं. बाटली भरायची तुमची पद्धत मला अजून पाठ आहे. ज्या विहिरीचं पाणी घ्यायचं, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची. मग तोंडातली तंबाखू थुंकून तोंडही त्याच पाण्यानं तीनदा धुवायचं, चौथा घोट जिभेवर धरायचा आणि वहीतल्या चवीच्या रकान्यात एक शब्द लिहायचा. गोड, मचूळ, खारट. खात्याचा तसा काही नियम नव्हता. तो रकाना तुम्हीच पट्टीनं आखून घेतला होता. बाटल्या रात्रभर आपल्या स्वयंपाकघरात माठाशेजारी असायच्या, कारण घरातली सगळ्यात गार जागा तीच. सकाळी बुचावर लाख लावून त्या एसटीनं रवाना व्हायच्या.

त्या गावाचं बोअर साधं नव्हतं. केळीच्या बागेचा एक कोपरा गावातल्या म्हाताऱ्या गुजर आप्पांनी आपणहून दिला होता. गावच्या बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून, वाटीवाटीनं हंडे भरून आणायच्या. पाणी गोड निघालं तर तिथेच इंजिन आणि टाकी बसणार होती. मचूळ निघालं तर यंत्र नाल्यापलीकडे दुसऱ्या जागी जाणार होतं. गावकऱ्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना पाणी हवं होतं, आणि हवं असलेलं पाणी गोडच लागतं. तुम्ही मात्र घरी येऊन आईला म्हणालात, "आप्पाले वाईट वाटी, पन पानी मचूळ शे. यंत्र नालापल्याड लई जानं पडी."

त्याच संध्याकाळी तुम्ही अंघोळीला गेलात, आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी तुमची वही मांडीवर घेतली, त्या बाटलीचं बूच काढलं आणि तुमच्यासारखे गाल फुगवून एक घोट जिभेवर धरला. मचूळ. मला केवढा आनंद झाला! वहीत तुम्ही लिहिलेला शब्दच माझ्या तोंडात आला होता. त्या आनंदातच बाटली हातातून निसटली. फुटली नाही, पण आडवी होऊन गडगडली, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीनं पाणी बघता बघता पिऊन टाकलं. न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. मी ओगराळं माठात बुडवलं. बाटली भरली. गळ्याला बांधलेली चिठ्ठी भिजली होती, ती फुंकर मारून वाळवली. इतकंच. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही फार तर एक धपाटा घातला असता आणि सकाळी सायकल काढून दुसरी बाटली भरून आणली असती.

दीड महिन्यानं पुण्याचा अहवाल आला. पाणी पिण्यास उत्तम. तुम्ही अहवाल आणि वही शेजारी शेजारी ठेवून बसलात. जेवताना आमटी चाखून आईला विचारलंत, "मीठ बराबर शे का?" असं तुम्ही याआधी कधी विचारलं नव्हतं. मी पाटावरून उठले आणि हात धुवायला गेले.

मग मोठे साहेब मंजुरीच्या कागदावर तुमची सही घ्यायला आपल्या घरी आले तो दिवस. हे लिहिताना मी पुन्हा त्या दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. साहेब खुर्चीवर, आप्पा उंबऱ्याशी उकिडवे बसलेले. तुम्ही सकाळीच जाऊन बोअरचं ताजं पाणी तांब्यात आणलंय आणि तांब्या टेबलाच्या मधोमध ठेवलाय.

"साहेब, एकदा चाखून बघा," तुम्ही म्हणता.

"मी बाहेरचं पाणी पीत नाही हो," साहेब थर्मास थोपटत म्हणतात. "आणि चाखायचं कशाला? प्रयोगशाळा कशासाठी आहे?"

"मग दुसरी बाटली पाठवू."

"पाठवा की. निकाल येईल दिवाळीला. तोवर मंजुरी परत जाईल आणि या गावाला इंजिनही नाही आणि टाकीही नाही."

आप्पा उंबऱ्यावरून म्हणतात, "सायेब, मन्ह्या सुना वाळूमा हात घाली घाली थकन्यात. जे शे ते शे, सही करी टाका ना."

"अहो, दिवसभर तोंडात तंबाखू," साहेब हसून म्हणतात. "तुमच्या जिभेचं काय धरायचं? रेल्वेचं वंगण दिलं तरी मचूळ म्हणाल."

आप्पाही हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. "मग हिला विचारा. हिनं अजून सुपारीसुद्धा तोंडात घातलेली नाही. इकडे ये पोरी. चाख आन खरं सांग."

मी घोट घेतला. तीच चव होती, नाना. पहिल्या घोटाला कळली. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की मी मचूळ म्हटलं तर पुढचा प्रश्न एकच येईल, मग बाटलीतलं पाणी गोड कसं? साहेब बघत होते, आप्पा बघत होते, आईनं आतून स्टोव्हचा आवाज कमी केला होता. तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. तुम्ही तांब्याकडे बघत होता, इतका तुमचा माझ्यावर भरवसा होता.

"गोड आहे," मी म्हटलं.

तुम्ही तांब्या उचललात, स्वतः पुन्हा एक घोट घेतलात आणि बराच वेळ तो गिळला नाहीत. मग पेन मागितलंत.

त्या संध्याकाळी तुम्ही तंबाखूची डबी आईच्या हातात दिलीत. "टाकी दे. जीभ गयी मन्ही," म्हणालात. आईला कोण आनंद! लग्नापासून ती त्या डबीशी भांडत होती. तिनं मारुतीला नारळ फोडला आणि प्रसादाचा तुकडा आधी मला दिला. तुम्ही पुन्हा तंबाखूला हात लावला नाहीत. पाणीही पुन्हा चाखलं नाहीत. नव्या वह्या यायच्या, तुम्ही पट्टी घेऊन रकाने आखायचात, पण त्यांत चवीचा रकाना नसायचा.

इंजिन बसलं, टाकी बसली, पहिलं वर्ष गावानं निभावून नेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी ओढून ओढून पार खारट झालं. तुम्ही मला घेऊन गावात गेलात, तेव्हा आप्पांची थोरली सून हंडा कमरेवर घेऊन नदीकडेच निघाली होती. ती डोक्यावरचा पदर सावरत तुम्हाला म्हणाली, "सायेब, तुम्हना पानीमा डाय शिजत नही. ढोरं बी तोंड फिरावतस. टाकी तुम्हना घर लई जा, कोंबड्या बसाडाले कामले यी." आजूबाजूच्या बायका हसल्या. आप्पा खाटेवर बसले होते. ते हसले नाहीत, आणि त्यांनी तुम्हाला बसाही म्हटलं नाही.

परतताना मी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर होते. चढ आला तसे तुम्ही उतरलात आणि सायकल ढकलत चालू लागलात. माझ्याकडे न बघता विचारलंत, "पोरी, त्या दिन तुले गोडच लागनं ना?"

आता सांगावं, असं मनात आलं. तुमची पाठ समोर होती, सदरा घामानं चिकटलेला. दोन वर्षांत माझी उंची वाढली होती, पण हिंमत नाही. "हो," मी म्हटलं.

"मंग ठीक शे," तुम्ही म्हणालात. "पानी नंतर बिघडनं व्हई. तुन्ही काही चूक नही."

तुम्हाला कळलं होतं का, हे मी अनेकदा ताडून पाहिलं. कधी वाटतं, सगळं कळून तुम्ही मला तिथेच मोकळं केलंत. कधी वाटतं, खरंच काही कळलं नाही, आणि आपली जीभ कामातून गेली असंच मानत तुम्ही गेलात. पहिलं खरं असावं असं मला वाटतं, कारण ते मला सोयीचं आहे. तुम्ही गेलात त्या वर्षी मी बी.ए.ला होते. दवाखान्यात तुमच्याजवळ एकटी बसले होते, दुपारभर, तुम्ही पूर्ण शुद्धीवर होता. मी तुम्हाला पेपर वाचून दाखवला.

हे पत्र आईला वाचून दाखवावं असं आधी ठरवलं होतं. ती अजून शेजारणींना सांगते की मारुतीनं तिच्या नवऱ्याची तंबाखू सोडवली. तिच्याकडून ते काढून घेववत नाही. म्हणून हे कपाटात साड्यांखाली जाईल.

आणि एक राहिलं. मी "गोड आहे" म्हटल्यावर साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि तुमच्याकडे बघून म्हणाले, "बघा, बापापेक्षा लेक हुशार आहे." भीती होतीच, नाना. पण तेव्हा, तुमच्यासमोर, मला ते ऐकून बरं वाटलं होतं.