डॉक्टर बरंच बोलले

स्टुटगार्ट, २ मार्च १९७१

ती. आईस दोमनाचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. येत्या उन्हाळ्यात आनातोलीला इकडे आणायचं ठरलं आहे. तीन वर्षांची होती तेव्हा तिला तुझ्या ओटीत टाकून आलो. आता ती दहाची झाली. मागच्या सुट्टीत ती मला अहोजाहो करत होती, हे मी तिच्या बापाला, स्टाथिसला, सांगितलं नाही.

इथल्या शाळेत जर्मन लागेल. शेजारचा लाझारोस इकडच्या खाणीतलं काम सोडून गावी परतला आहे. त्याला शिकवायला सांग. सात वर्षं कारखान्याच्या पट्ट्यावर उभं राहून मला 'लवकर', 'पुढचं' आणि 'बरं' एवढंच येतं. दुकानात मी बोट दाखवते. पोरीवर ती वेळ नको.

आहे ती माया राहू दे.

तुझी दोमना

पेत्रोखोरी, २० मार्च १९७१

चि. दोमनास पार्थेनाचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे आणि लाझारोस लिहितो आहे, त्यामुळे त्याची निंदा बेतानं करते. शिकवणी अंगणात चालते. त्याचं जर्मन सगळं खाणीतलं. पोरगी शेळीला मुकादमासारखी दटावते आणि शेळी ऐकते. मी त्याला म्हटलं, 'मला दुखतंय' हे कसं म्हणायचं तेही शिकव. तो म्हणाला, काकू, ते तिथं कुणी विचारत नाही.

परवा तिनं मला विचारलं, जर्मन आलंच नाही तर इथं राहता येईल का. मी म्हटलं, अभ्यास कर.

शेजारणी माझे डोळे बघतात. मी चुलीच्या धुरावर ढकलते. तुम्ही दोघं सांभाळून असा.

तुझी आई

स्टुटगार्ट, ११ नोव्हेंबर १९७२

ती. आईस दोमनाचा शि. सा. नमस्कार.

पोरीनं वर्षात जर्मन गिळलं. इमारतीतले सगळे आपले लोक तिला घेऊन हिंडतात. घरमालक, कचेरी, दवाखाना, सगळीकडे तीच. बायका तिला 'आमचं तोंड' म्हणतात आणि खिशात बदाम कोंबतात. शाळा बुडते. पण मला अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू.

माझ्या छातीत एक गाठ आली आहे. दुखत नाही. शनिवारी तिलाच घेऊन डॉक्टरकडे गेले. डॉक्टर बरंच बोलले. तिनं मला सांगितलं, काही नाही, नीट जेव आणि विश्रांती घे. मी म्हटलं, एवढ्यात सगळं आलं का? तर म्हणते, आई, जर्मन लोक पाल्हाळ लावतात. ट्रामची वाट बघताना तिनं आपणहून माझा हात धरला. तेवढ्यासाठी मी पुन्हा आजारी पडेन.

काळजी करू नकोस. माया असावी.

तुझी दोमना

पेत्रोखोरी, ३० नोव्हेंबर १९७२

चि. दोमनास आशीर्वाद.

जर्मन लोक पाल्हाळ लावत असतील. डॉक्टर कुठलाच लावत नाही. हे पत्र वाचून उठ आणि मोठ्या माणसाला घेऊन परत जा. तुमच्या चर्चच्या पाद्रींना जर्मन येतं ना? पोरीला रागावू नकोस. अकरा वर्षांच्या लेकराला असलं काही आईच्या तोंडावर सांगवत नाही. ते तिच्याकडून मागूही नये.

लाझारोस विचारतो, इतकं कडक लिहू का. मी म्हटलं, लिही.

तुझी आई

स्टुटगार्ट, ७ ऑक्टोबर १९७३

ती. आजीस आनातोलीचा शि. सा. नमस्कार.

आईला जाऊन काल चाळीस दिवस झाले. इमारतीतल्या बायकांनी तिच्या नावानं गहू उकडून चर्चमध्ये नेले. बाबा म्हणाले, पत्र तू लिही, मला जमत नाही.

तुझं ते कडक पत्र वाचून आई हसली होती. म्हणाली, आजी लांबून घाबरते. घरची लेक असताना पाद्री कशाला? ईस्टरनंतर बाबाच पाद्रींना घेऊन तिच्याबरोबर गेले. मीही होते. डॉक्टरांनी मला विचारलं, नोव्हेंबरात सांगितलं ते सगळं तू आईला सांगितलंस ना? मी हो म्हणाले. पाद्रींनी माझ्याकडे बघितलं आणि तेवढं आईला सांगितलं नाही.

आईला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. हॉस्पिटलमध्ये शेजारच्या बाईला खुणा करून सांगायची की माझी लेक सगळं नीट सांगते.

मागच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या फोतिनीमावशीनं स्वतःला दाखवायला मला दवाखान्यात नेलं. मी नको म्हणत होते. या वेळी डॉक्टर बोलले तेवढं सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. ती तिथंच जिन्यात बसली. म्हणाली, पोरी, थोडं कमी सांगता आलं नसतं का तुला?

तुझी माया असू दे.

आनातोली