आस्कंदाचे तांबडे दोरे

मुक्काम लिंबागणेश, माघ वद्य, फसली १३३५

राजमान्य राजेश्री सुंदरराव व्याही, शिरूर कासार, यांच्या सेवेशी धुळाजीचा हात जोडून रामराम. आपला दमा कसा आहे? विहीणबाईंचे गुडघे काय म्हणतात? जावई मोहनराव आणि आमची सत्यभामा खुशाल असतील. इकडे सगळे ठीक, फक्त मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

आपण विश्वासाने दिलेले माळव्याचे आस्कंदाचे (वैद्य अश्वगंधा म्हणतात त्याचे) बी पेरले. मुळी गाजरासारखी जाड, पण दम पाण्याएवढा. आमच्या माळावरच्या रानआस्कंदाची मुळी उंदराच्या शेपटीएवढी, पण हुंगली की घोडा शेजारी उभा. दोघांचा जोड लावून जाड आणि जालीम मुळी काढीन, असा शब्द मी आपल्याला (आणि आपण भर कचेरीत तहसीलदारसाहेबांना) दिला. मग रोज सकाळी डोक्याला उपरणे गुंडाळून वाफ्यात वाकायचो. कळीतले केसर सुईने काढायचे, रानफुलाची पूड कोंबड्याच्या पिसाने लावायची, वर फडक्याची पिशवी, आणि खूण म्हणून तांबडा दोरा. (तोंडाने पुटपुटायचो, ते बोटाला सुई टोचायची म्हणून.)

शेजारच्या शिवकन्येने हे पाहिले आणि धुळाजी नवस बांधतो असे गावभर झाले. मंगळवारी बघतो तर झाडाझाडाला तांबडे दोरे, हळदीकुंकू, आणि पिशव्या सगळ्या सोडलेल्या. शिवकन्या म्हणाली, "देवाला कोंडून ठिवत्यात व्हय, तात्या? आमी मोकळा केला." तेव्हाच खरे सांगायचे होते. पण ती पाया पडली, नारळ दिला, आणि मी मुकाट घेतला. (त्याची चटणीही खाल्ली.)

पुढे मन घट्ट करून नवसाचे दोरे कापायला कात्री घेऊन निघालो, तर आमची बायनाबाई आडवी आली. "तोडा की. पयला त्यो कडंचा तोडा, सत्यभामाचा हाय. दिवाळीची आलती, सासरी निघताना बांधून गेली. इतकी वरसं लेकीची मांडी रिकामी, तुमाला मुळीबिगर काय दिसतंय?" मी कात्री बंडीच्या खिशात घातली आणि घरी आलो.

आता फळे पिकली. जोडाचे कोणते, नवसाचे कोणते, मला ओळखू येत नाही. 'जोडाचे बी' म्हणून आपल्याला पाठवलेली पुडी मी हाताला येईल ते तोडून भरली आहे. ती तहसीलदारसाहेबांच्या हाती जाऊ देऊ नका. व्याही म्हातारपणी चळला म्हणून सांगा, मी नाही म्हणणार नाही. आणखी लिहायला हात धजत नाही.

आपला,
धुळाजी

ता. क. पुडीचे काय ते आपण कराल. खरे मागणे निराळे आहे. विहीणबाई मोहनरावांसाठी दुसरी मुलगी बघताहेत असे कानावर आले. ते बोलणे आपण थांबवावे. जोड धरला नाही तर एकट्या झाडाला बोल लावू नये, एवढे तरी मी वाफ्यात शिकलो.

पुन्हा ता. क. कडेच्या झाडाला सत्यभामेच्या दोऱ्याशेजारी आणखी एक दोरा आहे. तो माझा. त्या फांदीला जोड दिलेला नाही, तेव्हा तो खुणेचा नव्हे.