चौकोनांचा खेळ आणि चारचं पाणी

लालबाग,
वैशाख संपत आला.

प्रिय पूर्वी,

पाकीट बघितल्या बघितल्या तू आईला फोन लावशील आणि विचारशील, म्हातारी बरी आहे ना. बरी आहे. गुडघे होते तसेच आहेत, दात होते त्याहून एक कमी आहे आणि जीभ तुला माहीतच आहे. हैदराबादला हल्ली पत्र कोण पाठवतं, असं तुझी आईसुद्धा म्हणाली. तिला म्हटलं, फोनवर मी निम्मं बोलणं हसण्यावारी नेते, आणि अडचणीचं काही निघालं की 'आवाज येत नाही गो' म्हणून फोन ठेवते. कागदावर ती सोय नाही. म्हणून आज जेवणं आटोपल्यावर तिला तुझ्या कॉलेजच्या वहीची कोरी पानं घेऊन समोर बसवलंय. अट एकच. मी बोलेन तस्सं लिहायचं, गाळायचं नाही, सुधारायचं नाही आणि मधे बोलायचं नाही. ही अट मी उगाच घालत नाही. तुझे आजोबा माझ्या वतीने गावी पत्रं लिहायचे. एकदा मी सांगितलं, भाऊला लिहा, गाय विकलीस तर तोंड बघणार नाही. त्यांनी लिहिलं, 'गाईबाबत आपण योग्य तो विचार करावा.' भाऊने योग्य तो विचार केला आणि गाय विकली. तेव्हापासून लिहिणाऱ्याला मी शपथ घालते. तुझ्या आईने गळ्याला हात लावून शपथ घेतलीय. हेही लिही गो, गाळू नकोस.

तर तुझं ते खेळाचं यंत्र. आठवीत असताना मामाने आणून दिलेलं, हातात धरून खेळायचं. दिवाळीला आलीस तेव्हा माझ्या हातात देऊन म्हणालीस, आजी, ह्याला वाचता यावं लागत नाही. परवा फोनवर तू विचारलंस, काय गं आजी, कुठवर पोचलीस, आणि मी म्हटलं, सेल संपलेत. खोटं. यंत्र तांदळाच्या डब्यात आहे, कापडात गुंडाळून, अगदी तळाशी. का आहे ते सांगते. पण आधी त्याची गोडी सांगू दे, नाहीतर तुला वाटेल आजी उगीच बिघडली. उगीच नाही बिघडले. चांगल्या कारणाने बिघडले.

खालून चौकोन वर चढत येतात. हिरवा, पिवळा, लाल, जांभळा. शेजारच्या दोघांची अदलाबदल करायची, एका रंगाचे तीन रांगेला लागले की फुटतात आणि वरचे धपकन खाली बसतात. चौकोन छताला टेकले की खेळ संपला. एवढंच. पण पूर्वी, जन्मभर मी बसचा नंबर दुसऱ्याला विचारला. औषधाची बाटली दुसऱ्याला दाखवली. लग्नाच्या पत्रिका हातात घेऊन 'वा, छान' म्हणायचे आणि कुणाचं लग्न ते तुझे आजोबा घरी आल्यावर कळायचं. ह्या खेळात मला कुणाला काही विचारावं लागलं नाही. जे कोडं शिकलेल्याला, तेच मला. आणि मला ते लवकर सुटायचं! मिलमध्ये मी वाईंडिंग खात्यात होते, एका वेळी चाळीस बॉबिनांवर नजर. धागा तुटलेला डोळ्याआधी बोटांना कळायचा. ती बोटं मी गेली असं समजत होते, ती नुसती बसून होती. पगाराच्या रांगेत ज्या अंगठ्यावर शाई लावताना मी मान खाली घालायचे, तोच अंगठा आता असा चालायला लागला की तुझा बाबा बघत उभा राहिला. म्हणाला, आई, तू तर हल्लीच्या पोरांना घरी बसवशील. त्या यंत्रात सगळ्यात वर जे नाव आहे ना, तुझ्याही वर, ते माझं. नाव टाका म्हणून विचारतं तेव्हा मी दिसेल ते दाबलं. तुझ्या आईने वाचून सांगितलं की तिथे इंग्रजीतलं पहिलं अक्षर तीनदा आलंय. म्हणजे शहात्तराव्या वर्षी मी पहिलं अक्षर काढलं, आणि ते एकदम तीनदा.

मग मात्र लाज सुटत गेली. भजनाच्या बायका यायच्या तर यंत्र पदराखाली. त्यांना वाटायचं, काकी जप करतायत, आणि त्या आवाज हळू करायच्या. एकीने तर नमस्कार केला. दूध उतू गेलं त्याचा आळ मांजरावर घातला, आणि मांजर आपल्याकडे गेली सहा वर्षं येत नाही. डोळे मिटले तरी चौकोन पडताना दिसायचे. गॅलरीत बसले की खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे बघून बोटं वळवळायची, की कालिंदीचा तो पिवळा परकर जरा डावीकडे सरकवला तर तीन पिवळे होतील. कुणी हाक मारू नये म्हणून दुपारी कानाचं मशीनसुद्धा काढून ठेवायला लागले. 'हा डाव झाला की उठते,' असं मी मलाच सांगायचे, आणि मी कधी उठत नसे. तुझ्या आजोबांच्या पत्ते खेळण्यावरून मी त्यांना काय काय बोलले होते, ते आठवलं की आता त्यांच्या फोटोकडे बघवत नाही.

तुझ्या आईची एक खोड तुला ठाऊक आहे. भांडी झाली की मोरीचा नळ ती गच्च बंद करते आणि मग त्याला दोनदा थोपटते. तान्ह्या पोराला निजवल्यासारखं. लग्न होऊन आली तेव्हापासून थोपटते. मी पंचवीस वर्षं चिडवतेय, आता अंगाईपण म्हण म्हणून. ती हसते आणि तरी थोपटते. हे मधेच का, असं ती आत्ता डोळ्यांनी विचारतेय. लिही तू.

मसाल्याची गोष्ट तुला फोनवर अर्धीमुर्धीच कळलीय. पूर्ण ऐक. दर वर्षीप्रमाणे तुझी आई आणि कालिंदी दोघींनी मिळून ओळखीच्या घरांचा वर्षाचा मालवणी मसाला करायला घेतला होता. बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या, धणे, सगळं गच्चीवर तीन कडक उन्हं खाऊन खुळखुळायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी भाजायचं, म्हणून कालिंदीच्या खोलीत, आपल्या मोरीच्या बरोबर खाली, जुन्या चादरींवर पसरून ठेवलं. दुपारी दोघी डंकावर, मसाला कुटून देतात तिथे, नंबर लावायला गेल्या. कालिंदीच्या दाराला कुलूप, तुझा बाबा कामावर. तुझी आई भांडी घासून शेवटची निघाली. चार वाजता पाणी आलं. आपला नळ उघडा होता आणि मोरीच्या भोकावर दगड होता. उंदीर वर येऊ नये म्हणून तो ठेवतो आपण. मोरी भरली आणि कोपऱ्यातल्या जुन्या फटीतून सगळं पाणी खाली. दोघी परत आल्या तेव्हा मिरच्या अशा फुगल्या होत्या, जशा वाटणाला भिजत घातल्यात. तुझी आई धावत वर आली, नळ बंद केला आणि मोरीशीच उभी राहिली. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेली. कालिंदी दारात आली. ओरडली नाही ती. एवढंच म्हणाली, वहिनी, नळ कसा राहिला? तुझी आई म्हणाली, मीच शेवटची होते. मीच विसरले असेन.

संध्याकाळी तुझ्या बाबाने विचारलं तेव्हा मी चहा पीत होते. सवयीने बोलून गेले, हल्ली विसरतेच ती. चेष्टेच्या सुरात. तुझा बाबा हसला. तुझी आई हसली नाही. तुझी कुडाळची आजी शेवटी शेवटी कशी झाली होती, ते तू लहान होतीस तरी तुला आठवत असेल. चुलीवर भांडं ठेवून विसरायची, मग वाट विसरली, आणि एके दिवशी पोटच्या पोरीला विचारलं, बाय, तू कोणाची गो? तुझ्या आईने त्या दिवशी तिचे केस विंचरले होते. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. माझी जीभ माझ्यापुढे दहा पावलं चालते.

आता घरात काय झालंय ते तुझी आई तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते, आणि तिलाच लिहावं लागतंय, त्याला माझा इलाज नाही. घरभर चिठ्ठ्या लावल्यात तिने. गॅसपाशी एक, दाराच्या कडीपाशी एक, फ्रिजवर दोन, नळाच्या वर एक. मला त्यातलं अक्षर कळत नाही, पण प्रत्येक चिठ्ठी काय म्हणते ते मला ह्या घरात सगळ्यात चांगलं कळतं. बाजाराला निघाली की जिन्यावरून परत येते, नळ बघते, जाते, पुन्हा येते. थोपटत नाही आता. तेवढ्याने भागत नाही तिचं, दोन्ही हातांनी धरून उभी राहते. मसाल्याचं पुढचं काम कालिंदीने पलीकडच्या सीमाला घेऊन केलं. भांडण नाही, काही नाही. 'वहिनी, तुम्ही जरा आराम करा,' असं गोड बोलली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. आणि येत्या मंगळवारी तुझ्या आईने परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डोक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. तुझ्या बाबाला सांगितलेलं नाही. मला सांगितलं. म्हणाली, आई, तुम्ही चला ना बरोबर. मला आत एकटीला भीती वाटते. मी म्हटलं, येते. आणि त्या दिवशी यंत्र तांदळाच्या डब्यात टाकलं.

आता पूर्वी, तू जरा बाजूला हो. पत्र तुझ्या नावाचं आहे, पण तुझ्यासाठी नाही. तिच्या तोंडावर मला हे सांगता येईना. तीन वेळा तोंड उघडलं आणि तीनही वेळा विनोद बाहेर पडला. म्हणून शपथ घालून तिच्या हातात पेन दिलं, की तिला मधे 'जाऊ दे हो आई' म्हणता येऊ नये. पद्मजा, लिही. नळ तू बंद केला होतास. मी बघितलं होतं. गच्च बंद केलास आणि दोनदा थोपटलास, आणि चप्पल घालून गेलीस. मग मी रायवळ आंबा चोखला, हात चिकट झाले, यंत्राची बटणं चिकटायला लागली, म्हणून मोरीत गेले. नळ सोडला, हाताला नुसती हवा लागली. तांब्यातल्या पाण्याने हात धुतले, भोकावर दगड सरकवला, आणि डाव अर्धा राहिला होता म्हणून नळ तसाच सोडून आले. कानाचं मशीन उशाशी होतं. पाणी आलेलं मी ऐकलं नाही. खाटेवरून उघड्या दारातून गॅलरीतली माणसं खाली धावताना दिसली, मान वळवली, मोरी भरलेली दिसली, आणि मला सगळं कळलं. उठून नळ बंद करायचा सोडून मी यंत्र उशीखाली सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी झोपले नव्हते गो. तू मोरीशी उभी होतीस तेवढा वेळ मी जागी होते. तुझ्या डोक्याला काहीसुद्धा झालेलं नाही. झालंय ते माझ्या काळजाला, आणि त्याला डॉक्टर नाही. पेन थांबलंय तुझं, दिसतंय मला. थांब हवं तेवढं. रड हवं तेवढं. पण मग हेही लिही. तू खरंच लिहिलंस की नाही ते मला कधीच कळणार नाही. आजोबांसारखं 'योग्य तो विचार करावा' लिहून मला वाचवशील, तशीच आहेस तू. म्हणून पोस्टात जायच्या आधी हे पत्र एक मजला खाली जाणार आहे. मी स्वतः जिना उतरेन, गुडघे गेले खड्ड्यात, आणि कालिंदीला म्हणेन, मला वाचता येत नाही, मोठ्याने वाच, आणि दार उघडं ठेव. चाळ ऐकू दे. मंगळवारी कुठे जायचं नाही. नळावरची चिठ्ठी तेवढी आजच काढ. आणि चारला पाणी येऊन गेलं की नळ बंद करून त्याला दोनदा थोपट. मी काही बोलणार नाही. कानात मशीन घालून बसेन आणि नुसती ऐकेन.

पूर्वी, यंत्र तू आलीस की घेऊन जा. सगळ्यात वरचं ते नाव पुसून टाक.

हसवता हसवता चुकलेली,
तुझीच आजी
दुर्गा
(खाली अंगठा माझा. शाई तुझ्या आईच्या पेनातली.)