दुकानातला फोन

लोरेटा,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

डोळे गेल्यावरही आई आपलं केंटकीतलं दुकान चालवायची. कॉफीला आलेला माणूस कुठल्या खोऱ्यातला, हे ती हेलावरून सांगायची. टीव्हीवर बातम्या द्यायच्या म्हणून तू तोच हेल शिकवणी लावून घालवलास. घर सोडल्यावर नऊ वर्षांनी तुझा पहिला फोन आला, तो तिनेच घेतला.

"कोणी शहरातली पोरगी 'आई, आई' करून रडत होती," फोन ठेवत ती म्हणाली. "नंबर चुकला असेल बिचारीचा."

तुझं रडणं मला बाजूला ऐकू आलं होतं. तरी रागाने म्हणालो, "असेल."

तू पुन्हा फोन केला नाहीस. मीही नाही.

आई गुरुवारी गेली. शेवटपर्यंत विचारायची, "वेंडेल, त्या पोरीला तिची आई सापडली असेल का रे?"

अजून त्याच हेलात बोलणारा,
तुझा भाऊ