दुधाच्या कॅनमधली भुतं आणि व्हरांड्याचा दिवा

मेपल फोर्क, ओहायो
हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी

प्रिय आर्डिथताई हिस,

तुझ्या धाकट्या लव्हॉनचा गळ्यात पडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? आणि तुझं ब्लडप्रेशर? (हे उगाच विचारत नाही. मोजलं नसेल तर आधी मोज आणि मग पुढे वाच.) आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे मर्लच्या बोटांना अजून डिंक आहे आणि माझ्या केसांतून काळ्या पिशवीचे तुकडे निघतायत, पण ताई, मी इतकी खुशीत आहे की कॉफी गार झाली तरी चालेल, पण आधी तुला सगळं सांगायचंच म्हणून बसले आहे.

तुला ठाऊकच आहे, शेतावर हॅलोविनला आमच्याकडे कुणी चुकूनही फिरकायचं नाही. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत ती लांबलचक खडीची वाट, दोन्ही बाजूंना मका. कुठलं पोर सोंग घेऊन चॉकलेटं मागायला तेवढं चालत येणार? तरी मी दर वर्षी वाडगाभर चॉकलेटं दाराशी मांडायची आणि दर वर्षी मर्ल ती नोव्हेंबरभर खायचा. (त्याच्या पोटाबद्दल तू नेहमी विचारतेस ना, त्याचं मूळ तिथे आहे.) म्हणून यंदा शेत विकून गावात घर बघायला लागलो, तेव्हा मर्लने छप्पर बघितलं, तळघर बघितलं, नळ सोडून बघितले, आणि मी फक्त एवढंच बघितलं की गल्लीत लहान सायकली पडल्यात की नाहीत. चिक्कार पडल्या होत्या! आम्हाला पोरंबाळं झाली नाहीत याचं रडगाणं मी कधी गायले नाही, पुढेही गाणार नाही. पण वर्षातून एक संध्याकाळ तरी आपल्या दारात गलका व्हावा, ही हौस मात्र मनातून जात नाही. यंदा घंटा वाजलीच पाहिजे, असं मी घराची किल्ली हातात घेतानाच ठरवलं होतं.

आता समोर राहतात नॅडीनबाई. त्यांच्या अंगणात विकत आणलेलं, गॅरेजएवढं काळं मांजर. पंख्याने फुगतं, डोळे गरागरा फिरवतं, आणि पंखा बंद केला की हिरवळीवर मान टाकतं. मी म्हटलं, आपणही एक आणू. मर्ल म्हणाला, "अगं, हवा विकत आणायची? लोक हसतील आपल्याला!" आणि कपाटं उघडून बसला. त्या दिवसापासून आमच्या घरातून कचऱ्यात काही म्हणजे काही गेलं नाही. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेची तीन-तीन वाट्यांची पट्टी कापून, मधली वाटी डोकं आणि बाजूच्या दोन पंख, अशी काळी वटवाघळं मी केली आणि दोऱ्याने व्हरांड्याच्या छताला टांगली. (मर्लचं टक्कल रोज एकाला तरी आपटतं.) दुधाचे प्लास्टिकचे कॅन धुऊन त्यांच्यावर काळ्या पेनाने तोंडं काढली, मागून भोक पाडून आत नाताळची जुनी दिव्यांची माळ सोडली, की झाली भुतं तयार. फक्त कॅन पुरेसे रिकामे व्हावेत म्हणून मर्लला सकाळ-दुपार-संध्याकाळ दूध प्यावं लागलं, आणि गाई विकून सुटलो म्हणणारा माणूस पुन्हा दुधात बुडाला.

कोळ्याची कथा वेगळीच. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत वाळकी पानं ठासून भरली, माझ्या जुन्या लांब मोज्यांचे आठ पाय शिवले, आणि तो देखणा कोळी फाटकाशी नेऊन बसवला. तो वार कचऱ्याच्या गाडीचा आहे हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेतावर गाडी कुठे यायची? आपला कचरा आपणच जाळायचा! मी खिडकीतून बघते तो काय, एक धिप्पाड माणूस माझ्या कोळ्याचे दोन पाय धरून त्याला गाडीत भिरकावतोय. मर्ल झोपायच्या कपड्यांतच धावला. "अहो, थांबा! तो कचरा नाही, तो आमचा कोळी आहे!" असं ओरडत तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि सहा पायांचा कोळी काखेत मारून परत आला. पडद्यांआडून सगळी गल्ली बघत होती. ओळख झाली म्हणायची.

पण सगळ्यांत झकास साधलं ते मोठं भूत. त्याची रीत तुलाही सांगून ठेवते. उंच बरणीवर फुगा बसवायचा, तारेचे हात काढायचे, शाळेतली पोरं वापरतात तो पांढरा डिंक पाण्यात कालवून त्यात कापड बुडवायचं, आणि ओलं असतानाच वरून सोडायचं. वाळलं की फुगा फोडायचा, बरणी काढायची. भूत आपलं आपण उभं! कापड मात्र साधी चादर नको. जाळीचं, फुलांच्या किनारीचं हवं, म्हणजे त्यातून उजेड सुरेख झिरपतो. असं एक घरात होतं. ते वाळल्यावर बघितलं तर मान किंचित कललेली, एक हात पुढे, जणू आत्ता म्हणेल, 'पाय पुसून आत या.' ताई, हुबेहूब आपली आई! मर्ल तर येता-जाता टोपी काढतो. ती हयात असताना नाही हो काढली कधी.

शेवटी काल संध्याकाळ आली. गावाने पोरांना फिरायला सहा ते आठची वेळ दिली होती. मी पावणेसहालाच वाडगा मांडीवर घेऊन दाराच्या आत खुर्ची टाकली. कॅनमधले दिवे लावले, पण व्हरांड्याच्या मोठ्या दिव्यापुढे ती भुतं अगदीच फिकी दिसायला लागली, म्हणून तो दिवा घालवला. अहाहा! वाटेवर भुतांची ओळ लखलखत होती, वटवाघळं डुलत होती, आणि आई... भूत, म्हणजे, पायरीशी हात पुढे करून उभं होतं. मर्लही वीज वाचली म्हणून खूश होता.

पोरं आली. चाचे, राजकन्या, एक चालतंबोलतं सॉसेज. फाटकाशी थांबली, माना उंचावून बघितलं, आणि समोर मांजराकडे निघून गेली! पुढचा घोळका आला, तोही तसाच. एक छोटा अंतराळवीर तर आत येत होता, त्याला त्याच्या आईने दंडाला धरून मागे ओढलं. मला वाटलं, फारच भीतिदायक झालंय. मर्लला पिटाळून कोळी आत आणवला. तरी कुणी येईना. वटवाघळं काढली. कुणी येईना. मग, ताई, खरं सांगते, माझे डोळे भरून आले. वाटलं, माणसंच नको आहेत यांना आपण. झोपायच्या कपड्यांत कचऱ्याच्या गाडीमागे धावणाऱ्यांच्या दारात कोण पोर पाठवणार? मर्लने एका चॉकलेटचा कागद काढून ते माझ्या हातात दिलं. शेतावर द्यायचा तसंच.

आणि दारावर थाप पडली. उघडते तो नॅडीनबाई, कमरेवर हात.

"लव्हॉनबाई, एवढी सजावट केलीत आणि वरचा दिवा बंद? अहो, दिवा बंद म्हणजे आमच्याकडे कुणी येऊ नका! पोरं केव्हाची घुटमळतायत बाहेर, पण शिस्तीची आहेत बिचारी."

"आम्हाला कुठलं माहीत!" मर्ल म्हणाला. "आमच्याकडे दिवा लावला काय, घालवला काय, यायचं ते घुबडच."

"आणि आम्ही समजत होतो, तुम्हाला पोरांचा तिटकारा आहे. ते तसे ओरडत धावलात ना त्या दिवशी..."

मी पुढचं ऐकलंच नाही. बटणाकडे धावले. लख्ख उजेड पडला आणि माझी सगळी जादू गेली. भुतांचे झाले दुधाचे कॅन, काढून ठेवलेल्या वटवाघळांचे अंड्यांचे ट्रे. पण नॅडीनबाईंनी रस्त्यावर उभं राहून अशी काही हाळी दिली की पुढच्या गल्लीतली पोरंसुद्धा वळली. काय तो गलका! घंटेवरचं बोट निघतच नव्हतं. चालतंबोलतं सॉसेज दोनदा येऊन गेलं. एका चाच्याने कॅन उचलून निरखला आणि म्हणाला, "आजी, आमच्या घरीपण हेच दूध येतं!" शेजारची विनी, मधमाशी झालेली, भुतासमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिने त्याचा पुढे केलेला हात हातात घेतला. आठ वाजता वाडग्याच्या तळाशी कागदसुद्धा उरला नव्हता. मर्लला यंदा नोव्हेंबरात काही नाही!

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना शेक दे.

तुझीच,
लव्हॉन

ता. क. ब्लडप्रेशर मोजलंस ना? ते जाळीचं कापड म्हणजे आईचा टेबलक्लॉथ. तू डाग काढायला माझ्याकडे ठेवला होतास तो. डाग निघाला आहे.

ता. क. घाबरू नकोस. मर्लने डिंकाची बाटली वाचली. कोमट पाण्यात सगळं विरघळतं म्हणे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू तो टेबलावर घालतेस, तोवर धुऊन, इस्त्री करून देऊ शकते.

ता. क. देऊ शकते, पण अजून हात धजत नाही. हे लिहितानाच विनी शाळेला जाता जाता फाटकाशी थांबली, भुताला हात केला, आणि मला विचारलं, "ही आजी कधी जाणार?" मी सांगून बसले की तिची थोरली मुलगी, म्हणजे तू, थँक्सगिव्हिंगला यायची आहे, ती म्हणेल तसं. तेव्हा एवढंच मागते: यंदा जेवण माझ्याकडे कर, आणि तिला बघितल्याशिवाय काही ठरवू नकोस. हवं तर टेबलावर वर्तमानपत्रं अंथरू. घर शोधावं लागणार नाही. व्हरांड्याचा दिवा मी कालपासून घालवलेलाच नाही. मर्लला अजून कळलेलं नाही.