क्लोरीन शेडच्या छपराच्या तारा

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग

विषय : क्लोरीन शेडच्या छपराला पुन्हा तारा बांधण्याबाबत.
संदर्भ : तारा काढून घेण्याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

मी जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ आहे. गेल्या वर्षीच्या ऐतिहासिक वादळात क्लोरीन शेडचे छप्पर उडाले, तेव्हा मी शेडमध्येच होते. आधी विजा लांब होत्या. मग वारा एकदम आडवा आला आणि पत्रे कागदासारखे गेले. भरलेला एक सिलिंडर गडगडत निघाला आणि त्याचा व्हॉल्व्ह भिंतीपासून वीतभरावर थांबला. भिंतीपलीकडे कर्मचाऱ्यांच्या मुलांचे पाळणाघर आहे. माझी मुलगी तिथेच असते.

नवे छप्पर घातल्यावर आमच्या केंद्रातल्या फिटरकाकांनी ते तारांनी जमिनीशी ताणून बांधले. पुढे चौकशी समितीने 'असे वादळ शंभर वर्षांतून एकदा येते' असे लिहिले. त्यावरून आपल्या कार्यालयाने पुढचे वादळ शंभर वर्षांनीच येणार असे धरले आणि 'आता आवश्यकता नाही' म्हणून तारा भांडारात जमा करून घेतल्या. समितीच्या वाक्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच आहे. गेल्या वर्षी वादळ येऊन गेल्याने ती यंदा कमी होत नाही.

हे मी वरिष्ठ लिपिकांना समक्ष सांगितले. "मॅडम, आता ते आपल्या पतवंडांनी बघायचं," असे म्हणून त्यांनी मला चहा दिला. भांडारपालांनी मागणीपत्रात कारण विचारले. मी 'भीती' असे लिहिले. मागणीपत्र परत आले. फिटरकाका म्हणाले, "बाई, वादळालाच दाखवा ना ते 'आवश्यकता नाही'चं पत्र." ते हसले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नातवाला पाळणाघरात पाठवणे बंद केले. माझ्या घरी मुलीला सांभाळायला कोणी नाही.

आज पश्चिमेला ढग उभा आहे. त्याचा माथा गेल्या वर्षीसारखाच सपाट होऊन पुढे सरकतो आहे. फिटरकाकांनी आणि मी पंपघरातल्या दोरांनी शेडचे छप्पर बांधायला घेतले. दोर निम्म्यातच संपले. क्लोरीन वायू विषारी आणि हवेपेक्षा जड असतो, गळला तर तो खाली साचतो. म्हणून पाळणाघरातील मुलांना मी परवानगी न घेता प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर आणून बसवले आहे. त्यास कार्योत्तर मंजुरी मिळावी. मात्र वरचे छप्परही त्याच पत्र्यांचे आहे. मुलांना वर ठेवावे की खाली न्यावे, हे मला ठरवता येत नाही.

अर्ज घेऊन फिटरकाका स्वतः येत आहेत. तारा त्यांच्याजवळच द्याव्यात. पत्रे वाजू लागले आहेत.

तारांच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
रसायनतज्ज्ञ, जलशुद्धीकरण केंद्र

दिनांक : आजचा, दुपार

सोबत : परत आलेले मागणीपत्र